जेवणाच्या मेजाची रोजची शोभा

पाटावर बसून जेवण्याची रीत होती तेव्हा सणावारी ताटाभोवती रांगोळी, जवळ उदबत्तीचे घर आणि पंगतीच्या टोकाला समई एवढी शोभा पुरेशी असे. आता बडोद्याला काय, इंदूरला काय किंवा बेळगावला काय, पुष्कळ घरांतून जेवण मेजावर आले आहे. रांगोळीला तेथे जागा उरली नाही. तिच्या जागी लोणच्याची बरणी, औषधाच्या बाटल्या आणि न फोडलेली पत्रे येऊन बसली. दिवसाकाठी घरातील सगळी माणसे एकदा समोरासमोर येतात ती जागा हीच. ती प्रसन्न ठेवायला पैसा लागत नाही; रोजची पाच-सात मिनिटे आणि थोडी माहिती पुरते. ती माहिती आपण येथे क्रमाने पाहू.

प्रमाण : मेजावरची सजावट भिंतीशी ठेवलेल्या फुलदाणीसारखी उंच नसावी. समोरच्या माणसाचा चेहरा दिसलाच पाहिजे. मेजावर कोपर टेकून हात उभा धरावा. मनगटाच्या वर, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटरच्या वर, काही जाऊ देऊ नये. रुंदीही मेजाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नको, नाहीतर वाढणाऱ्या हाताला अडचण होते. निशिगंध, केवडा अशी उग्र सुवासाची फुले बैठकीत शोभतात. जेवताना ती वरणाफोडणीच्या वासावर कुरघोडी करतात. मेजावर अबोली, जास्वंद, शेवंती बरी.

फुले टिकावी कशी : फुले सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर तोडावीत, दुपारी झाडातच पाणी कमी असते. देठ कापताच त्यातील सूक्ष्म नळ्यांत हवा शिरते व पाणी वर चढेनासे होते. म्हणून देठाचे टोक पाण्यात बुडवून, धारदार सुरीने तिरपे, पुन्हा एकदा कापावे. पाण्याखाली जाणारी पाने काढून टाकावीत, कारण ती कुजतात आणि त्या कुजक्या पाण्यातील जंतू देठाचे तोंड बुजवतात. काचेच्या भांड्यात एक लिटर पाण्याला चहाचा एक चमचा साखर व दोन चमचे लिंबाचा रस घातल्यास फुलांना पोषण मिळते. पितळेच्या भांड्यात मात्र लिंबू घालू नये, आंबटाने पितळ कळकते.

आता चार सोप्या रचना पाहू.

१. तरंगती फुले : लहान परात किंवा पसरट वाडगा घेऊन त्यात तीन बोटे पाणी घालावे. देठाशिवाय चाफ्याची, झेंडूची पाच-सहा फुले आणि दोन हिरवी पाने सोडावीत. पाण्याचा निम्मा भाग मोकळा ठेवावा. मोकळे पाणी हीच या रचनेची शोभा. साधे जास्वंद पाण्यात ठेवले काय किंवा नुसते ठेवले काय, दिवसभरच टिकते. म्हणून ते पानावर कोरडेच मांडले तरी चालते.

२. तांब्यातील शेवंती : सजावटीला काटेरी आधार विकत आणण्याचे कारण नाही. तांब्याच्या तोंडात दोन काड्या फुलीसारख्या आडव्या अडकवाव्यात, किंवा तळाशी धुतलेले खडे घालावेत; देठ उभे राहतात. तीन देठ तीन उंचीचे घ्यावेत : पहिला पूर्ण, दुसरा त्याच्या पाऊणपट, तिसरा निम्मा. सारखी उंची केली की जुडी दिसते, रचना दिसत नाही.

३. हिरवे ताट : फुले महाग असतात त्या दिवसांत ही रचना उपयोगी पडते. मातीच्या बशीत ओले फडके अंथरून त्यावर अळीव पातळसर पसरावेत. ते आधी भिजवू नयेत, गिळगिळीत होऊन गोळा होतो. फडके ओलसर ठेवले की आठवड्याभरात दाट हिरवळ उभी राहते. पाहून झाली की कात्रीने कापून कोशिंबिरीत घालावी.

४. फळांची परडी : केळी, पेरू, चिकू यांची परडी स्वतःच शोभिवंत असते, पण ती फुलांजवळ ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि त्याने फुले लवकर कोमेजून गळतात. एक दिवस फळे, एक दिवस फुले असा क्रम ठेवावा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी : पहिली, कण्हेर, पिवळी कण्हेर (बिट्टी) आणि धोतरा ही फुले देवाला चालतात, जेवणाच्या मेजावर नकोत. या झाडांचे सर्वच भाग विषारी आहेत. लहान मूल पान चघळते, पाकळी वाटीत पडते, आणि शोभेपायी जिवावर बेतते.

दुसरी गोष्ट पाण्याची. डेंगीचा डास गटारात नव्हे, घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागताच फुटतात. उष्ण दिवसांत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून एकदा तरी भांडे आतून काथ्याने घासावे. नुसते पाणी ओतून टाकल्याने अंडी जात नाहीत. खडे वापरले असतील तर तेही चोळून धुवावेत. ही शिस्त पाळता येत नसेल त्या घरी कोरडी रचनाच करावी. ती कमी सुंदर मुळीच नसते.

शेवटी एक सूचना. हे काम एकट्या गृहिणीवर टाकू नये. शाळेतून आलेल्या मुलाकडे पाणी बदलणे, घरातील आजोबांकडे फुले निवडणे असे वाटून द्यावे. ज्याने सकाळी तीन देठ आपल्या हाताने लावले तो संध्याकाळी त्या मेजाशी वेळेवर येऊन बसतो, आणि सजावटीचा खरा हेतू तेवढ्याने साधतो.