‘हलाल’ नफ्याची पारख

एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाण्यास पवित्र कुरआनने (सूरह निसा, आयत 29) मनाई केली आहे. परस्परसंमतीचा व्यापार मात्र वैध ठरविला आहे. 2006 साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी या कंपनीने ‘हलाल’ नफ्याच्या नावाने ठेवी गोळा केल्या. जून 2019 मध्ये तिचा संस्थापक परदेशी निघून गेला आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी अडकली.

म्हणून नाव न पाहता व्यवहार तपासा. मुदारबात नफ्याचे प्रमाण आधी ठरते, रक्कम ठरत नाही. व्यवस्थापकाची हयगय नसल्यास तोटा भांडवल देणाऱ्याला सोसावा लागतो. तेव्हा मोबाइलवरील एखादी योजना दरमहा ठरावीक नफ्याची हमी देत असेल, तर तेथेच थांबा. व्यवसाय अस्पष्ट आणि कमाई नवे सभासद आणण्यावर असेल, तर जुन्यांचा ‘नफा’ नव्यांच्याच खिशातून येतो. सुरुवातीचे हप्ते वेळेवर मिळणे हेच आमिष असते.

संस्थेला ठेवी घेण्याची परवानगी आहे काय, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर पाहा. आप्तेष्टांना जोडण्यापूर्वी विचार करा: त्यांच्या बुडालेल्या पैशांतून मिळालेले कमिशन आपल्या घरात हलाल कसे ठरेल?