रथात चढून बसलेला फिलिप्प

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये 8:26-40, यशया 56:3-8



या तिमाहीचा पाठ आम्ही मुळात वसतिगृहांतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी तयार केला. पण ही वसतिगृहे तुमच्या प्रार्थनांवर आणि दानावर उभी आहेत, म्हणून तो तुमच्यापुढेही ठेवत आहे.

काही वर्षांपूर्वी मी आदिवासी मुलांच्या एका वसतिगृहात अधीक्षक होतो. तिथे सातवीतले एक लेकरू होते. कागदोपत्री मुलगा. बोलताना मात्र ‘मी येते’, ‘मी करते’ म्हणायचे. पोरे हसत. मला वाटले, घरची बोली निराळी, मराठी कच्ची, म्हणून लिंग चुकते आहे. पुष्कळ मुलांचे तसे होतेही. म्हणून मी ते रोज सगळ्यांसमोर सुधारून घेऊ लागलो. थोड्या दिवसांनी लेकरू बोलेनासेच झाले. बाकीची पोरे हौदावर उघड्यावर आंघोळ करीत. हे पहाटे चारला उठून एकटे उरकायचे. वेळ पाळली नाही म्हणून मी त्याला दोनदा उन्हात उभे केले. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले ते परत आले नाही. नोंदवहीत मी कारण लिहिले : ‘पालकांची इच्छा’.

त्याच्या मनात काय होते ते मला आजही सांगता येणार नाही, आणि ते ठरवणे माझे कामही नव्हते. न्हाणीला दार लावून घेणे हे माझे काम होते.

आता शास्त्रभागाकडे वळू. कूशी राणीचा तो अधिकारी यरुशलेमेत उपासना करून परत चालला होता. अनुवाद 23:1 प्रमाणे त्याच्यासारख्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. तरी तो यशया वाचत होता, आणि त्याच ग्रंथात पुढे 56 व्या अध्यायात षंढांना देवाच्या घरात पुत्र आणि कन्या यांच्याहून मोठे नाव देण्याचे अभिवचन आहे. षंढ म्हणजे आजचे तृतीयपंथी असे सरळ समीकरण मी मांडत नाही. ते बरोबर होणार नाही. फिलिप्प काय करतो, तेवढेच पाहा. तो त्याच्या देहाबद्दल काही विचारत नाही. वाचतोस ते समजते का, एवढेच विचारतो. मग त्याने बोलावल्यावर रथात चढून त्याच्या शेजारी बसतो. पुढे पाणी दिसल्यावर तो अधिकारीच विचारतो की माझ्या बाप्तिस्म्याला आडकाठी कोणती, आणि फिलिप्प आडकाठी शोधत बसत नाही.

2011 च्या जनगणनेत स्त्री किंवा पुरुष यांऐवजी ‘इतर’ या रकान्यात 4,87,803 जणांची नोंद झाली. त्यांत अनुसूचित जमातींचे 33,293 होते, आणि एकूण नोंदीत सहा वर्षांपर्यंतची बालके 54,854. ही बालके पुढे कुठल्यातरी शाळेच्या दारात आलीच असणार. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले. 2019 च्या कायद्याने शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांवर भेदभाव न करता शिक्षण आणि खेळाची संधी देण्याची जबाबदारी टाकली. शिक्षकांनी हे शिकायचे कुठे? 2021 मध्ये एनसीईआरटीने एक मार्गदर्शिका संकेतस्थळावर ठेवली, आणि आक्षेप येताच काढून घेतली.

म्हणून आमच्या प्रशिक्षणात व्याख्या थोड्या आणि रोजचा दिवस जास्त असतो. परिपाठाची रांग दरवेळी मुलगे-मुली अशीच का? उंचीप्रमाणे, गटाप्रमाणे लावता येते. ‘बायल्या’ हा शब्द कानावर पडला की त्याच दिवशी थांबवायचा, मग तो स्वयंपाकघरातल्या मावशीच्या तोंडचा का असेना. कोणत्याही मुलावर अंदाजाने शिक्का मारायचा नाही. बोलीतली चूक ही बहुधा नुसती बोलीतलीच चूक असते. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकखोलीत चहाबरोबर वाटायची नाही. जिवाला धोका किंवा अत्याचार असेल तर मात्र गप्प राहायचे नाही. आणि आंघोळीला आडोसा हवा, सगळ्याच मुलांना.

मंडळीत या विषयावर एकमत नाही, हे मला ठाऊक आहे. गेल्या प्रशिक्षणात एका शिक्षिकेने उठून विचारले, “सर, असे लेकरू आपण ठेवून घेतले आणि देणगीदारांना कळले, तर ते काय म्हणतील?” खोली शांत झाली. मी म्हणालो, “बाई, पत्रातून त्यांनाच विचारतो.”