कोठारें वाढविणारा मनुष्य
(लूक १२ : १३–२१)

हा दाखला आपल्या मंडळ्यांत वारंवार वाचला जातो. परंतु वाचणारे बहुधा सोळाव्या वचनापासून आरंभ करितात. तसें करूं नये. दाखल्याचें मूळ तेराव्या वचनांत आहे. समुदायांतून एक मनुष्य प्रभूस विनवितो कीं, माझ्या भावास मला वतनाचा वांटा द्यावयास सांगा. बंधुजनहो, हें गाऱ्हाणें आपणांस परकें नाहीं. बांध हातभर सरकला, विहिरीची पाळी चुकली, कीं एका ताटांत जेवलेले भाऊ कचेरीची पायरी चढतात, आणि रविवारीं एकाच मंदिरांत दोन टोकांस बसतात.

प्रभूनें वांटणी करून देण्याचें नाकारिलें. त्या मनुष्याचा हक्क खोटा होता असें तो म्हणत नाहीं. कदाचित् खराही असेल. पण हक्क खरा असतांही लोभ मनांत घर करितो, म्हणून त्यानें सर्वांसच सावध केलें व हा दाखला सांगितला.

दाखल्यांतील धनवानाकडे नीट पाहावें. त्यानें चोरी केली नाहीं. मजुरांची मजुरी बुडविल्याचेंही लिहिलेलें नाहीं. जमिनीस पीक उत्तम आलें, एवढेंच. मग त्याचा दोष कोणता? तो बोलतो तें केवळ आपल्या जिवाशीं. माझें पीक, माझीं कोठारें, माझा माल! पेरणाऱ्या गड्याची, शेजारच्या विधवेची, पाऊस देणाऱ्या देवाची त्यास आठवणही होत नाहीं. आणि पुष्कळ वर्षांचा बेत तो करितो, त्याच रात्रीं त्याचा जीव मागितला जातो.

येथें उपदेशकांनीं एक जपावें. कणगींत बियाणें राखणें हा अविश्वास आहे असें कोणी शिकवूं नये. योसेफानें मिसरांत सात वर्षें धान्य सांठविलें (उत्पत्ति ४१), तें पुढील दुष्काळाच्या सात वर्षांकरितां. कोठार तेंही आणि कोठार हेंही. धान्य कोणासाठीं ठेविलें, ह्यांत काय तो भेद.

वेतन घेणें हेंही पाप नव्हे. सुवार्ता सांगणाऱ्यानें सुवार्तेवर उपजीविका करावी असें पौलच लिहितो (१ करिंथ ९ : १४). तथापि आपल्याच महाराष्ट्रांत नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडलें आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ह्या कार्यास स्वतःस वाहून घेतलें. १९१९ सालीं ते प्रभूकडे गेले. प्रत्येकानें तसेंच करावें असें आम्ही म्हणत नाहीं. मुलेंबाळें असलेल्या शिक्षकास तें सांगणें सोपें, निभावणें कठीण. पण हातांतलें सोडतां येतें, हें त्यांनीं आपली भाषा बोलणाऱ्या लोकांमध्येंच राहून दाखविलें.

तुमच्या मंडळींत वांटणीचा तंटा असेल, तर उपदेशकानें मोजणीची सांखळी हातीं घेऊं नये. तें काम पंचांचें व मोजणीदाराचें. त्यानें दोघां भावांस एकत्र बसवून हीं नऊ वचनें वाचावीं, आणि प्रत्येकास इतकेंच विचारावें : ही पट्टी तुझ्याकडे आली, तर तिच्या पहिल्या पिकांतून कोणाचें पोट भरशील? उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसावें. घाई करूं नये.