वास्तुदोष, लकी नंबर आणि तुमचं भांडवल: पैसे देण्याआधी दावा तपासा



कोरेगाव भीमाला नगर रोडवर गाळा बघायला निघालात, की गाळामालकाच्या आधी सल्ला देणारे भेटतात. एक म्हणतो, दार दक्षिणेला आहे, घेऊ नका. दुसरा म्हणतो, दुकानाच्या नावात एक अक्षर वाढवा. तिसरा पुष्कराज घालायला सांगतो. आता तुमचं पहिल्या वर्षाचं भांडवल म्हणजे काय? थोडी बचत, घरच्यांनी मोडलेली एफडी, नाहीतर बँकेचं कर्ज. त्यातले किती पैसे या सल्ल्यांवर घालायचे, हा आजचा विषय.

आधी एक स्पष्ट करतो. दुकान उघडताना नारळ फोडला, दिवाळीला वहीपूजन केलं, याबद्दल माझी तक्रार नाही. खर्च थोडका, शेजारपाजारचे जमतात, दुकान चालू झाल्याचं चार लोकांना कळतं. पण "हे केलं तर विक्री वाढेल" असं म्हणून कुणी पैसे मागितले, तर तो धंद्यातला दावा झाला. मशीनवाला म्हणाला तासाला 500 नग निघतील, तर आपण ट्रायल मागतोच ना? मग इथेही मागायची.

अशी ट्रायल आपल्या पुण्यातच झालेली आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. 200 मुलांच्या कुंडल्या जमवल्या. त्यातली 100 मुलं अभ्यासात हुशार, 100 मुलं मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला 40 कुंडल्या पाठवल्या आणि विचारलं, कुठली कुंडली कुठल्या गटातली, सांगा. 51 जण तयार झाले, उत्तरं 27 जणांची आली. सगळ्यात चांगला निकाल होता 40 पैकी 24. एका संस्थेने सगळ्या 200 कुंडल्या तपासल्या, त्यातल्या 102 बरोबर आल्या. नाणं उडवून छापा-काटा केला असता, तरी साधारण 100 बरोबर आल्याच असत्या!

आपल्याला यातली पद्धत उचलायची आहे. ज्योतिषासमोर फक्त कुंडली होती. मूल दिसत नव्हतं, आईवडिलांचा चेहरा दिसत नव्हता, बोलण्यातून काही काढून घ्यायची सोय नव्हती. उत्तर आधी लेखी घेतलं, निकाल नंतर लावला. आणि मुख्य म्हणजे चुकलेली उत्तरंही मोजली. तुमच्याकडे येणारा सल्लागार चुकलेली कधी मोजतो का?

"पण सर, आमच्या ओळखीच्यांनी दार बदललं आणि धंदा खरंच वाढला." हे मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. थोडा विचार करा, माणूस वास्तुवाल्याकडे जातो कधी? धंदा जोरात असताना नाही, सगळ्यात वाईट महिना गेला की जातो. समजा, तुमच्या नाश्ता सेंटरचा गल्ला एरवी महिन्याला 90 हजार असतो आणि पावसात तो 50 हजारांवर आला. तुम्ही घाबरून 40 हजार खर्चून भिंत पाडली. पुढच्या महिन्यात पाऊस ओसरला, सणसवाडी-शिकरापूरच्या कंपन्यांतले कामगार पुन्हा थांबायला लागले, गल्ला 85 हजार. श्रेय कुणाला? भिंतीला! भिंत तशीच ठेवली असती तरी गल्ला वर आलाच असता, कारण तळाला गेलेला आकडा बहुतेक वेळा आपल्या सरासरीकडे परततो. आणि भिंत पाडूनही ज्यांचं दुकान बंद पडलं, ते सांगायला येतच नाहीत. शटरवर "भाड्याने देणे आहे" ही पाटी तेवढी उरते.

याचा अर्थ पंचांग फेकून द्या, असा नाही. गिऱ्हाइकाची श्रद्धा ही तुमच्यासाठी बाजारातली माहिती आहे. पितृपक्षात बरेच लोक मोठी खरेदी टाळतात, दसऱ्याला करतात. "ही अंधश्रद्धा आहे" म्हणत तुम्ही पितृपक्षात माल भरून बसलात, तर पैसे तुमचेच अडकणार. रांजणगावला चतुर्थीला गर्दी असते, 1 जानेवारीला विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक कोरेगाव भीमाला येतात. पाणी, चहा, नाश्ता किती लागेल, वाहतूक वळवल्यावर माल कसा येईल, याचं नियोजन तारीख बघूनच करायचं. हा हिशोब माणसांच्या येण्याजाण्याचा आहे, ग्रहांचा नाही.

मुहूर्तासाठी थांबायचं असेल तर त्याचीही किंमत काढा. भाडं महिन्याला 12 हजार असेल, तर 20 दिवस थांबण्याचे 8 हजार भाड्यातच गेले. कर्जाचं व्याज आणि बुडालेली विक्री वेगळी. एवढी रक्कम बघून घरच्यांशी बोला. "तुमचा विश्वास खोटा" असं म्हणून वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा हा कागद पुढे ठेवलेला बरा. अनेकदा त्याच आठवड्यातला मुहूर्त निघतो.

कायद्याबद्दलही विचारलं जातं. डॉ. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. तथाकथित चमत्कार दाखवून लुबाडणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, यांना त्यात 6 महिने ते 7 वर्षं कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड आहे. मात्र वास्तूचा सल्ला, ज्योतिषाचा सल्ला, पाणाड्याचा सल्ला या कायद्याच्या बाहेर ठेवलेत. त्यामुळे तिथे पैसे जाण्याआधी तुम्हालाच सावध राहावं लागेल.

आता गृहपाठ. कुणी विक्री वाढवायचा उपाय सांगितला, मग तो वास्तुवाला असो, नंबरवाला असो, की आमच्यासारखा ट्रेनर, वहीत चार ओळी लिहा: विक्री किती वाढेल, किती दिवसांत, नाही वाढली तर पैसे परत मिळणार का, आणि मागच्या वर्षी याच महिन्यात गल्ला किती होता. खाली त्यांची सही मागा. सही मागितल्यावर काय उत्तर मिळालं, ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये जरूर लिहा. पुढच्या भागात गाळ्याचा भाडेकरार वाचायला शिकू.