मावळातील कष्टकरी आणि प्राथमिक आरोग्यसेवा

आरोग्यविमा म्हणजे काय, हे आपल्या समाजातील अनेकांना माणूस दवाखान्यात भरती झाल्यावरच कळते. तोपर्यंत पुष्कळ नुकसान झालेले असते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ साली, प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. या विम्यात साध्या तापाचेही औषध मिळते, हे त्याचे मोठेपण. मात्र तो लागतो नोंदणी झालेल्या नोकराला. २०१७ पासून वेतनाची मर्यादा मासिक २१,००० रुपये आहे. तळेगावच्या कारखान्यातील कामगार त्यात येतो. लोणावळ्यात बंगला राखणारा, सीझनपुरता हॉटेलात राबणारा, घरोघरी धुणीभांडी करणारी, यांचे नाव बहुधा कोणत्याच हजेरीपटावर नसते.

त्यांच्याकडे असते ते महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड. २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झालेल्या या योजनेत २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजना चांगलीच आहे. पण ती ठरावीक शस्त्रक्रिया व भरती होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी तिच्यात बसत नाही! पैशाअभावी गोळी सुटते, पुढे पक्षाघात होतो, आणि मग कार्डाची आठवण होते. गेलेला हात कार्डाने परत येत नाही.

ती गोळी मिळण्याची जागा म्हणजे उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र. १९४६ च्या भोर समितीने ही कल्पना मांडली. डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, ३,००० मागे एक उपकेंद्र असा निकष आहे. आपल्या तालुक्यात कार्ला, खडकाळा, टाकवे बुद्रुक येथे अशी केंद्रे आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. तरीही आंदर मावळातल्या वाडीवरून यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. हा खर्च कोणत्याही योजनेत धरलेला नाही.

विद्यार्थ्यांनी एक करावे. घरातील तिशीपुढील माणसांना उपकेंद्रात नेऊन रक्तदाब व साखर तपासून घ्यावी; ही तपासणी तेथे मोफत होते. औषध सुरू झाल्यास पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आणि घरातील कोणी कंत्राटावर कारखान्यात असेल, तर पगारातून विम्याची ०.७५ टक्के कपात होते का, हे पावतीवर पाहावे. कपात होत असूनही विमा क्रमांक मिळाला नसेल, तर तो लेखी मागावा.