पडद्यावरील दोन अक्षरे

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर क्षणभर एक प्रमाणपत्र झळकते. ते आपण क्वचितच वाचतो. त्याची कथा मात्र जाणून घेण्याजोगी आहे.

आपल्या हैदराबादेत धीरेन गांगुली ह्यांनी 'लोटस फिल्म कंपनी' चालविली होती. १९२४ साली 'रझिया बेगम' ह्या मूकपटामुळे निजामाची इतराजी झाली व त्यांना हे शहर सोडावे लागले. ब्रिटिश मुलखात १९२० पासून परिनिरीक्षण मंडळे होती. तरी मुंबईच्या 'भक्त विदुर' (१९२१) ह्या मूकपटावर मद्रासेत बंदी आली, कारण त्यातील विदुर गांधीजींसारखा दिसे! राज्यकर्त्यांना काय रुचेल, हा तेव्हाचा प्रश्न. बालमनाला काय झेपेल, हा नव्हे.

स्वातंत्र्यानंतर ही दृष्टी पालटू लागली. १९४९ च्या दुरुस्तीने सर्वांसाठी 'यू' व प्रौढांसाठी 'ए' असे दोन वर्ग झाले. १९५२ चा चित्रपट कायदा आजही लागू आहे. १९८३ मध्ये 'यूए' हा मधला वर्ग आला आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७, १३ व १६ वर्षे असे तीन टप्पे पडले.

निर्मात्याने अर्ज केल्यावर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाची परीक्षण समिती चित्रपट पाहते. हिंसा, भीती, अश्लीलता, व्यसने ह्यांचे चित्रण तोलून ती वर्ग सुचविते. मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईस असून एक प्रादेशिक कार्यालय हैदराबादेत आहे. निर्णय अमान्य असल्यास पुनरीक्षण समितीकडे व पुढे उच्च न्यायालयात दाद मागता येते.

येथे एक भेद ध्यानी धरावा. 'ए' चित्रपटास अठरा वर्षांखालील मुलास, पालक सोबत असले तरी, प्रवेश नाही. ते पाहणे चित्रपटगृहाचे कर्तव्य आहे. 'यूए'पुढील आकडा मात्र केवळ पालकांच्या विचारासाठी असतो. तो पाळावा की नाही, हे घरानेच ठरवावयाचे.

घरबसल्या पाहावयाच्या चित्रमालिकांना २०२१ च्या नियमांनुसार प्रसारक स्वतःच वर्ग देतात. व्हिडिओ खेळांसाठी तर चित्रपटांसारखे शासकीय प्रमाणन मंडळच नाही. भ्रमणध्वनीवर खेळाशेजारी दिसणारा वयाचा आकडा बहुधा निर्मात्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो.

चित्रपटगृहाच्या दारी द्वारपाल असतो. हातातल्या भ्रमणध्वनीला तो नसतो. म्हणून ती अक्षरे आई-वडिलांसह वाचा, आणि वर्ग तसा का दिला असेल, ह्याची घरी मोकळेपणी चर्चा करा. कायदा सावध करतो. विवेक मात्र आपणच जोपासावयाचा असतो.