लाख भरलेला साज खोटा का?

प्रश्न : भाचीच्या लग्नात कोल्हापुरी साज द्यायचा आहे. पसंत पडलेल्या साजाच्या पानांत लाख भरलेली आहे. ही फसवणूक तर नव्हे? – एक वाचक भगिनी, मुरगूड

उत्तर : ताई, मुळीच नाही. पाने पोकळ घडवून लाख भरायची ही जुनीच रीत. म्हणून तर कमी सोन्यातही मासा, कासव, कमळ, चंद्र या आकारांची पाने ठसठशीत उठून दिसतात आणि चेपत नाहीत. फक्त लाखेला सोन्याचा भाव देऊ नका. पावतीवर निव्वळ सोन्याचे वजन वेगळे लिहून घ्या, हॉलमार्क बघा. पूर्ण २१ पानांचा साज परवडत नसेल तर कमी पानांचा करून घ्या, किंवा कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारात चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला पाहा. तोही लग्नात शोभून दिसतो. भाचीला मात्र बजावा, साज घालून गरम पाण्याने अंघोळ नको. लाख मऊ पडते.